पस्तिशीनंतरचा पियानो

१९९९ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, फोर्ट वर्थ या शहरात, पियानोवादनाची एक नवी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तिच्या नियमावलीत दोन मुख्य अटी होत्या. स्पर्धकाचं वय किमान ३५ वर्षं हवं, आणि पियानो वाजवणं किंवा शिकवणं हा त्याच्या कमाईचा मुख्य मार्ग नसावा. देश कोणता, पियानो कुठे शिकलात, पोटासाठी काय करता, यांपैकी कशाचीही आडकाठी नव्हती. डॉक्टर, वकील, संगणकतज्ज्ञ, प्राध्यापक असे लोक कामावरून रजा काढून तिथे आले आणि शोपँ, लिस्ट, राख्मानिनॉव्ह यांच्या रचना जाणकार परीक्षकांपुढे वाजवून गेले.

स्पर्धा भरवणारी संस्था होती व्हॅन क्लायबर्न फाउंडेशन. तरुण व्यावसायिक पियानोवादकांसाठी जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धांपैकी एक, तीही याच शहरात १९६२ पासून होत आली होती आणि तिची वयोमर्यादा होती तिशीची. तिशीला दार लावून घेणाऱ्या संस्थेने पस्तिशीपुढच्यांसाठी दुसरं दार उघडलं. हा एका उदार संस्थेचा उपक्रम म्हणून सांगितला जातो, तेव्हा अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते असं मला वाटतं. विसाव्या शतकात पियानो मोजक्या तरुण धुरंधरांच्या ताब्यात गेला, त्यात स्पर्धांचा वाटा मोठा होता. आणि स्पर्धांच्या त्या युगाला ज्या विजयाने भर आणला, तो विजय व्हॅन क्लायबर्नचाच होता.

क्लायबर्नचा जन्म १९३४ चा, लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टचा. वाढला तो पूर्व टेक्सासमधल्या किलगोर या तेलविहिरींच्या गावात. वडील तेलकंपनीत नोकरीला होते. पियानो शिकवला आईने. तिचं नाव रिल्डिया बी, आणि तिची हकिकत या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी ठेवावी अशी आहे. तरुणपणी ती न्यूयॉर्कमध्ये आर्थर फ्रीडहाइम यांच्याकडे शिकली. फ्रीडहाइम हे साक्षात लिस्टचे शिष्य. मैफली करणारी कलावंत होण्याची तिची तयारी होती, पण मुलीने रंगमंचावर जाऊन वाजवावं हे घरच्यांना मानवलं नाही. ती माघारी आली, तिचं लग्न झालं, आणि ती घरी मुलांना पियानो शिकवू लागली. तिचा मुलगा तीन वर्षांचा असताना शेजारच्या खोलीतून शिकवणी ऐकत असे. एके दिवशी विद्यार्थी निघून गेल्यावर त्याने तोच तुकडा जसाच्या तसा वाजवला, आणि तिने त्याला शिकवायला घेतलं. सतराव्या वर्षी जुलियार्ड या न्यूयॉर्कच्या संगीत विद्यालयात रोझिना लेव्हिन यांच्यापुढे जाऊन बसेपर्यंत या मुलाला दुसरा गुरू नव्हता.

१९५४ मध्ये त्याने अमेरिकेतली मानाची लेव्हेंट्रिट स्पर्धा जिंकली. काही काळ मैफली मिळाल्या, मग कमी होत गेल्या. तिकडे ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक अवकाशात सोडला होता. विज्ञानात आपण पुढे आहोत हे दाखवून झाल्यावर संगीतातही तेच दाखवायचं, या हेतूने मॉस्कोने १९५८ च्या वसंतात पहिली चायकोव्हस्की स्पर्धा भरवली. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष एमिल गिलेल्स, आणि मंडळात स्व्यातोस्लाव रिख्टर. अशा दरबारात तेवीस वर्षांचा, सहा फुटांच्या वर उंचीचा, लांब बोटांचा हा टेक्सासचा मुलगा येऊन बसला आणि त्याने अंतिम फेरीत किरिल कोंद्राशिन यांच्या संचालनाखाली चायकोव्हस्कीचा पहिला आणि राख्मानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवला. रशियन संगीत त्याच्या हातात रशियन श्रोत्यांना आपलं वाटलं. फ्रीडहाइमकडून आईकडे आणि आईकडून मुलाकडे आलेली ती जुनी युरोपीय घडण, आणि तिच्यावर मॉस्कोच्याच परंपरेत वाढलेल्या लेव्हिनबाईंचा हात. तो स्वर मॉस्कोला ओळखीचा वाटला यात नवल नव्हतं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. पहिलं बक्षीस अमेरिकनाला द्यावं की नाही, हा प्रश्न थेट सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यापर्यंत गेला, आणि तोच सर्वांत चांगला असेल तर त्यालाच द्या असा निर्णय आला, असं सांगतात.

परत आल्यावर न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून, उंच इमारतींवरून उधळलेल्या कागदी फितींच्या वर्षावात त्याची मिरवणूक निघाली. असा मान तोवर युद्धातल्या सेनापतींना, वैमानिकांना, राष्ट्रप्रमुखांना मिळत असे. कोंद्राशिन यांच्याबरोबर केलेली चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्टोची ध्वनिमुद्रिका अभिजात संगीताला कधी मिळाला नव्हता इतका खप घेऊन गेली, तिच्या प्रती दहा लाखांच्या पलीकडे विकल्या गेल्या.

त्याच वर्षी फोर्ट वर्थमध्ये पियानो शिक्षकांच्या मेजवानीत डॉ. अर्ल ॲलिसन यांनी क्लायबर्नच्या नावाने स्पर्धा सुरू करण्यासाठी १०,००० डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ॲलिसन हे देशभरातल्या पियानो शिक्षकांच्या संघटनेचे संस्थापक. फोर्ट वर्थ म्हणजे गुरांच्या बाजाराचं, काउबॉयचं गाव. टेक्सासच्या कुरणांवरून उत्तरेकडे हाकलत नेलेले कळप या गावावरून जात. अशा ठिकाणी युरोपच्या तोडीची संगीतस्पर्धा उभी करायची हे धाडसच होतं. ग्रेस वॉर्ड लँकफर्ड या स्थानिक संगीतकार्यकर्तीने आणि तिच्याबरोबरच्या शिक्षकांनी, नागरिकांनी ते केलं. १९६२ मध्ये पहिली स्पर्धा झाली आणि राल्फ व्होटापेक विजेता ठरला, १९६६ मध्ये रुमानियाचा राडू लुपू. बाहेरगावचे स्पर्धक हॉटेलात उतरत नसत. गावातली घरं त्यांना ठेवून घेत आणि सरावासाठी त्या घरांत मोठे पियानो आणून बसवले जात. इंग्लंडमध्ये लीड्सची स्पर्धा १९६३ ला सुरू झाली. वॉर्साची शोपँ स्पर्धा १९२७ पासून होतीच, ब्रुसेल्सची स्पर्धाही महायुद्धाआधीची. पण मॉस्कोच्या त्या विजयानंतर स्पर्धांचं पीक आलं, आणि शतक संपेपर्यंत जगात पियानोच्या शेकडो स्पर्धा झाल्या.

याचा परिणाम काय झाला, तो विजेत्यांच्या याद्यांत दिसत नाही. तो पाहायचा तर संगीत विद्यालयांच्या वर्गांत पाहावा लागतो. पाचव्या-सहाव्या वर्षी सुरुवात, बाराव्या वर्षी पहिला कॉन्चेर्टो, अठराव्या वर्षी विद्यालय, विशीत स्पर्धांमागून स्पर्धा, आणि तिशीपर्यंत नाव झालं नाही तर पुढची वाट बंद. एका पदकामागे शेकडो उत्तम वादक उभे असत. त्यांच्यातल्या पुष्कळांना वीस-बावीसच्या वयात कुणीतरी, कधी शिक्षकाने, कधी वडिलांनी, कधी त्यांचं त्यांनाच, सांगितलं की मैफलीवर पोट भरणार नाही. ती मुलं वैद्यकाला गेली, कायद्याला गेली, संगणकाकडे वळली. पियानो घरी राहिला, किंवा भाड्याच्या खोलीत मावेना म्हणून विकला गेला. दहा-दहा वर्षं एक पट्टीही न दाबलेले लोक यांत होते. प्रतिभा असून बाजूला झालेल्या या माणसांची नोंद कुठेच नव्हती, कारण संगीताच्या इतिहासात नोंद होते ती वाजवत राहिलेल्यांची.

खरं तर पियानो जन्मापासून घरातलं वाद्य. कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख याने १७७९ ते १७८७ या काळात छापलेल्या आपल्या पियानोरचनांच्या सहा संचांच्या शीर्षकातच जाणकारांबरोबर हौशी वादकांनाही स्थान दिलं, कारण विकत घेणारे तेच होते. बीथोव्हनच्या काळच्या व्हिएन्नामध्ये सोनाटा ऐकले जात ते मुख्यतः घरांच्या दिवाणखान्यांतून. त्याने आपला ओपस १०१ हा सोनाटा ज्या डोरोथिया फॉन एर्टमान या सरदारस्त्रीला अर्पण केला, ती पैशासाठी वाजवत नसे, पण त्याच्या रचना तिच्याइतक्या समजून वाजवणारे फार थोडे आहेत असं त्याच्या वर्तुळात मानलं जाई. शोपँचा पॅरिसमधला बराचसा दिवस अशाच घरांतल्या शिष्यांना शिकवण्यात जाई. त्याने सार्वजनिक मैफली केल्या त्या आयुष्यभरात तीसच्या आसपास. सिंफनी ऐकायला मिळणं दुर्मिळ होतं त्या काळात लोक तिची चार हातांसाठी केलेली रूपं एका पियानोवर दोघं मिळून वाजवत आणि अशा रीतीने बीथोव्हन, ब्राह्म्स त्यांच्या अंगात भिनत. ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात आजच्यासारखी भिंत नव्हती.

अमेरिकेत हे वाद्य मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचलं. १९०९ हे तिथल्या पियानो उत्पादनाचं शिखर. त्या एका वर्षात सुमारे ३,६४,००० पियानो तयार झाले. पण घसरण डोळ्यांसमोर होती. बँडचा प्रसिद्ध संचालक आणि संगीतकार जॉन फिलिप सूझा याने १९०६ मध्येच एका लेखात बजावलं होतं की ग्रामोफोन आणि आपोआप वाजणारे पियानो घरोघरच्या हौशी वादकाला संपवतील. मुलं शिकणार नाहीत, कारण यंत्र अधिक चांगलं वाजवतं. पुढच्या तीस वर्षांत ग्रामोफोन, रेडिओ आणि आर्थिक मंदी यांनी त्याचं म्हणणं बरंचसं खरं केलं. मग ध्वनिमुद्रिकांनी आणखी एक गोष्ट केली. सर्वोत्तम वादकाचं निर्दोष वादन प्रत्येकाच्या कानात बसलं, आणि शेजारच्या काकूंनी वाजवलेला शोपँ ऐकायला लोक अवघडू लागले. स्पर्धांनी याच्यावर कळस चढवला. निर्दोषपणाला आता गुण मिळू लागले.

या चक्रात क्लायबर्न स्वतः सापडला होता. लोकांना त्याच्याकडून मॉस्कोत गाजलेले तेच दोन कॉन्चेर्टो पुन्हा पुन्हा हवे असत. वर्षानुवर्षं तो तेच वाजवत राहिला. समीक्षक हळूहळू कडवट होत गेले, आणि १९७८ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने मैफली थांबवल्या. त्यानंतर तो आईबरोबर फोर्ट वर्थमध्ये येऊन राहिला. १९८७ मध्ये सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह अमेरिकेला आले तेव्हा व्हाइट हाउसमध्ये तो पुन्हा वाजवायला बसला. आई १९९४ मध्ये वारली, शंभरीच्या उंबरठ्यावर. तिच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी तिच्या मुलाच्या नावाच्या संस्थेने जी स्पर्धा सुरू केली, तिच्यासारख्या माणसांसाठीच ती होती. हा योग संस्थेने जुळवला नव्हता. पण इतिहास लिहिताना तो नजरेआड करणं मला जमत नाही.

कल्पना मात्र पॅरिसची होती. १९८९ मध्ये जेरार बेकरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने तिथे हौशी पियानोवादकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा उभी केली. बेकरमान स्वतः पियानो वाजवणारे. त्यांचा आग्रह असा की हौशी वादकाला सवलत नको, त्याला खरी सभागृहं, खरे परीक्षक आणि खरे श्रोते द्या. त्या स्पर्धेची कीर्ती अटलांटिकपार गेली. फोर्ट वर्थच्या फाउंडेशनची धुरा तेव्हा रिचर्ड रॉड्झिन्स्की यांच्याकडे होती. ते ऑर्केस्ट्रा संचालक आर्तुर रॉड्झिन्स्की यांचे पुत्र. व्यावसायिक संगीताच्या जगात जन्मापासून वावरलेल्या या माणसाने पॅरिसचा नमुना उचलला आणि त्याला पस्तिशीची अट जोडली. ही अट मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते. पंचविशीतला हौशी वादक बहुधा नुकताच विद्यालयातून बाहेर पडलेला असतो, बोटं अजून गरम असतात. पस्तिशीनंतर नोकरी, घर, मुलं, आजारी आईवडील यांच्यातून वेळ काढून जो पियानोजवळ बसतो, त्याचं वाजवणं त्याने निवडून टिकवलेलं असतं.

पहिली स्पर्धा टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीच्या आवारात झाली. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत कार्यक्रम आधीपेक्षा लांब. विजेता ठरला जोएल होलुबेक. बक्षिसाची रक्कम व्यावसायिक स्पर्धेच्या मानाने नाममात्र होती, आणि बक्षिसामागून मैफलींचे करार येत नव्हते. तरी पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, दुसरी स्पर्धा घ्यावी लागेल एवढी मागणी होती. मग २००२, २००४, २००७ अशी अंतरं वाढत गेली.

सुरुवातीपासून एका आक्षेपाने स्पर्धेची पाठ सोडली नाही. अंतिम फेरीत पोचणाऱ्यांपैकी अनेकांकडे संगीत विद्यालयाच्या पदव्या असत, काहींनी नामवंत गुरूंकडे वर्षानुवर्षं शिक्षण घेतलेलं असे. मग हे हौशी कसे? आक्षेप समजण्यासारखा आहे, आणि फक्त आवडीपोटी उशिरा शिकलेल्या स्पर्धकावर त्यामुळे अन्याय होतो हेही खरं. तरीही मी नियम करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. वीस वर्षांपूर्वी घेतलेली पदवी आज बोटं चालवत नाही. पियानो रोज मागतो, आणि रोज न दिलेला वेळ पहिल्या पानावर उघडा पाडतो. ज्याचा दिवस शस्त्रक्रियागृहात किंवा कचेरीत जातो, त्याला सराव पहाटे पाचला करावा लागतो किंवा रात्री, शेजारी झोपल्यावर, कानाला हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक पियानोवर. व्यावसायिक वादक तोच कार्यक्रम वर्षात पन्नास ठिकाणी वाजवून स्पर्धेला येतो, तो हातात मुरलेला असतो. हौशी वादकाने तो कधी चार मित्रांपुढे वाजवलेला असतो. त्यातून पियानोवादकाला आपलं वाद्य घेऊन येता येत नाही. सभागृहातल्या परक्या पियानोच्या पट्ट्या किती जड आहेत, पेडल किती खोल जातं, हे बसल्यावर काही सेकंदांत समजून घ्यायचं आणि वाजवायला लागायचं.

भीतीबद्दलही बोललं पाहिजे. ज्या डॉक्टरचा हात शस्त्रक्रियेत थरथरत नाही, त्याचाच हात पहिल्या सुरावटीला थंड पडतो. तज्ज्ञ म्हणून कामात तो रोज वावरतो, इथे मात्र त्याला पुन्हा परीक्षार्थी होऊन बसावं लागतं. विशीत सोडून दिलेल्या प्रश्नाला तो सामोरा जात असतो : मी त्या वेळी चालू ठेवलं असतं तर? स्मृती कच्ची पडते, एखादा सूर निसटतो, आणि तरी पुढे जायचं असतं. अशा वेळी पुष्कळांनी वाजवणं सावरलं, काहींना मध्येच थांबावं लागलं. अशांनाही प्रेक्षकांनी धीर दिला. या स्पर्धेची वर्णनं वाचताना हे सारखं जाणवतं की स्पर्धक एकमेकांचं वादन ऐकायला थांबत, रात्री एकत्र बसून चार हातांच्या रचना वाजवत. असं व्यावसायिक स्पर्धांच्या पडद्यामागे क्वचित दिसतं, कारण तिथे प्रत्येकाचं पोट पदकाला बांधलेलं असतं.

२००२ मध्ये पहिलं बक्षीस दोघांत विभागून दिलं गेलं. एक होत्या कॅलिफोर्नियात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हिक्टोरिया ब्रॅगिन. दुसरे मायकेल हॉली, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीतल्या मीडिया लॅबमधले संशोधक. हॉली येलमध्ये संगीत आणि संगणकशास्त्र दोन्ही शिकले होते, आणि त्यांनी स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट या कंपनीत काम केलं होतं. भूतानची छायाचित्रं घेऊन त्यांनी जे पुस्तक काढलं ते आकाराने जगातलं सर्वांत मोठं छापील पुस्तक म्हणून नोंदलं गेलं. २०२० मध्ये ते वारले. त्यांच्या आयुष्याची एवढी नोंद यासाठी केली की हौशी वादक म्हणजे आयुष्यात काही राहून गेलेला माणूस, ही समजूत त्यांच्यापुढे टिकत नाही. हॉलींचं काहीच राहून गेलं नव्हतं. पियानो त्यांच्या कामाच्या बरोबरीने चालत होता.

२००७ मध्ये अलाबामातले डोळ्यांचे डॉक्टर ड्रू मेज जिंकले. त्या वर्षीच्या स्पर्धेवर ॲलेक्स रोतारू यांनी एक माहितीपट केला, २००८ मध्ये तो प्रदर्शित झाला, आणि फोर्ट वर्थच्या सभागृहात काय घडतं हे ज्यांनी कधी पियानोची मैफल ऐकली नव्हती अशा लोकांपर्यंतही पोचलं. २०११ मध्ये विजेते ठरले ख्रिस्तोफर शी, मेरीलँडमधले पोटाच्या विकारांचे डॉक्टर. २०१६ मध्ये कॅनडाच्या कॅलगरीतले हिरड्यांचे तज्ज्ञ थॉमस यू. विजेत्यांत आणि स्पर्धकांत डॉक्टर इतके का, याचं कारण मला फार गूढ वाटत नाही. आई-वडिलांनी ज्या मुलाला लहानपणी रोज तीन तास एका जागी बसायला शिकवलं, त्याला वैद्यकाचा दहा वर्षांचा अभ्यास झेपतो. आणि उतारवयाची चिंता असलेल्या आई-वडिलांना संगीतापेक्षा वैद्यक सुरक्षित वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच घरात घडतात.

या सुमारास चळवळ स्पर्धांच्या बाहेरही पसरत होती. बॉस्टन, वॉशिंग्टन, शिकागो, बर्लिन इथे हौशी पियानोवादकांच्या स्पर्धा होऊ लागल्या होत्या, आणि तेच स्पर्धक एका शहरातून दुसऱ्या शहरात भेटत. २०१० च्या उन्हाळ्यात लंडनच्या 'द गार्डियन'चे संपादक ॲलन रसब्रिजर फ्रान्समध्ये हौशी वादकांच्या एका शिबिरात गेले. तिथे त्यांच्यासारख्याच एका हौशी माणसाने शोपँचं जी मायनरमधलं पहिलं बॅलाड वाजवलं. ते मैफलीतल्या वादकांनाही धास्तावणारं आहे. शेवटचं पान तर बोटांचा आणि मनाचा कडेलोट आहे. रसब्रिजर पन्नाशी ओलांडलेले. हे बॅलाड वर्षभरात बसवायचं असं त्यांनी ठरवलं आणि सकाळी कामाला जाण्याआधी वीस मिनिटं, जमेल त्या दिवशी, सराव सुरू केला. ते वर्ष विकिलीक्सचं आणि इंग्लंडमधल्या फोन हॅकिंग प्रकरणाचं होतं. त्यांच्या वर्तमानपत्राने दोन्ही प्रकरणं लावून धरली होती. वर्षाचं सव्वा-दीड वर्ष झालं, पण त्यांनी बॅलाड लोकांपुढे वाजवलं. २०१३ च्या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलं. ब्रेंडल, बारेनबॉइम, पेराया या नामवंत पियानोवादकांशी तर ते बोललेच, मेंदूच्या तज्ज्ञांनाही त्यांनी विचारलं की या वयात एवढी लांब रचना पाठ होऊ शकते का. होऊ शकते, असं उत्तर मिळालं. सावकाश, पण होते.

क्लायबर्न फेब्रुवारी २०१३ मध्ये वारला. त्यानंतरच्या पहिल्या, २०१६ च्या हौशी स्पर्धेत अंतिम फेरीतल्या स्पर्धकांना फोर्ट वर्थ सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर कॉन्चेर्टो वाजवायला मिळाला. ही गोष्ट बाहेरून वाटते त्याहून फार मोठी आहे. एकल रचना माणूस आयुष्यभर घरी वाजवू शकतो. कॉन्चेर्टो मात्र पाठ केला तरी वाजवायचा कुठे? सत्तर-ऐंशी वादकांचा ताफा कुणाच्या घरात मावत नाही आणि कुणाच्या पगारात भाड्याने मिळत नाही. ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणं ही गोष्ट व्यावसायिकांसाठीच राखीव होती, आणि चायकोव्हस्कीच्या कॉन्चेर्टोवर ज्याचं सगळं नाव उभं राहिलं, त्याच्याच नावाच्या स्पर्धेने ती हौशी वादकांच्या हाती दिली.

पुढची स्पर्धा २०२० ला व्हायची होती. करोनाने ती दोन वर्षं ढकलली. २०२२ मध्ये मग दोन्ही स्पर्धा एकाच वर्षी झाल्या. जूनमध्ये व्यावसायिकांच्या स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या अठरा वर्षांच्या युनचान लिमने राख्मानिनॉव्हचा तिसरा कॉन्चेर्टो वाजवून १,००,००० डॉलरचं पहिलं बक्षीस घेतलं. त्या स्पर्धेचा तो सर्वांत तरुण विजेता. त्याचं ते वादन इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिलं. ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात पस्तिशीपुढचे हौशी वादक जमले. त्यांच्या पहिल्या बक्षिसाची रक्कम २,००० डॉलर होती, येण्या-जाण्याचा खर्च निघेल न निघेल इतकी. तरीही निवड होण्यासाठी ध्वनिचित्रमुद्रण पाठवून रांगेत उभं राहावं लागलं, आणि ज्यांची निवड झाली नाही, त्यांतले काहीजण पुढच्या वेळेसाठी नवी रचना बसवू लागले.